ती आधी गॅस बंद करते

बाई, उद्या सकाळी मला चाकणच्या एका कंपनीला हो किंवा नाही सांगायचं आहे. नोकरी सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये आहे. नव्याने लागलेल्या कंत्राटी पोरापोरींना हेल्मेट का घालायचं, मशीन चालू असताना आत हात का घालायचा नाही, हे समजावून सांगायचं. मोशीच्या चौकातून कंपनीची बस नेणार, दुपारचं जेवण कॅन्टीनला, पीएफ वगैरे सगळं. अट एकच, बाहेरची कामं बंद. म्हणजे ऑडिशन नाही, शूटिंग नाही, प्रयोगसुद्धा नाही. साहेब फार सभ्य आहेत. म्हणाले, "मॅडम, छंद म्हणून घरी काय करायचं ते करा की." आठवीच्या वर्गात तुम्ही मला गॅदरिंगच्या नाटकात उभं केलं तेव्हापासून जे करत आले, त्याचा त्यांनी एका वाक्यात छंद करून टाकला आणि मी मान डोलावली. राग आला नाही. हल्ली राग यायलाही अंगात जोर लागतो.

दुसरीकडे एका मालिकेतली आत्या आहे. नायकाची आत्या, जरा खाष्ट, पण पुढे जाऊन चांगली निघणारी. मुंबईच्या कोऑर्डिनेटरने आठवड्यापूर्वी सांगितलं, "ताई, तुमच्यात आणि अजून एकीत आहे, कळवतो." तुम्हाला हे मालिकांना नट पुरवणाऱ्या कोऑर्डिनेटरचं प्रकरण माहीत नाही. तुमच्या वेळी नाटकवाले लोक तालमीत बघून घ्यायचे. आता मोबाइलवर स्वतःच स्वतःचा व्हिडिओ काढून पाठवायचा. समोर कुणी नसतं, भिंतीशी बोलायचं. मी समोरच्या खुर्चीत नवऱ्याची उशी उभी करून ठेवते आणि तिला टोमणे मारते. शेजारच्या बिल्डिंगचं काम चालू आहे, त्यामुळे प्रत्येक टोमण्यात एक ड्रिल मशीन असतं. व्हिडिओ गेला की दोन दिवस फोन हातातून सुटत नाही, मग आठवडाभर फोनकडे बघवत नाही. पंचविशीत मला सांगायचे, चेहरा प्रौढ आहे, आईच्या रोलला बोलावू. आता चाळिशी ओलांडली तर आईच्या रोलला तिशीतल्या मुली घेतात. मधलं माझं वय कुठे गेलं, हे मी कुणाला विचारू?

मागच्या महिन्यात ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांना अभिनय शिकवायला गेले होते. शिकवायला म्हणजे दोन तासांपुरतं. पोरं गोड होती. त्यांना अभिनय नको होता, रस्ता हवा होता. मुंबईला जावंच लागतं का मॅडम? फोटो कुठून काढून घ्यायचे? फॉलोअर्स नसतील तर घेत नाहीत हे खरं का? घरी कसं सांगायचं? नोकरी करून जमतं का? एक मुलगी सगळ्यांत मागे बसली होती. ती म्हणाली, "मॅडम, आपल्याला जमत नाहीये हे कधी समजायचं?" वर्ग हसला. मी तिला म्हटलं, ते समजायला लागेपर्यंत काम करत राहायचं. टाळ्या पडल्या. वाक्य टाळीचं होतं, त्यात काही नव्हतं. नाशिक फाट्याच्या गर्दीत बस अडकली, तेव्हा खिडकीशी बसून मी त्या मुलीला खरं उत्तर शोधत होते. मोशी आली तरी सापडलं नव्हतं. तुम्ही असता तर तिला काय म्हणाला असता, असं म्हणत घरी आले आणि कुकर लावला.

तुम्ही बहुतेक आधी तिला खायला दिलं असतं. चिंचवडच्या तुमच्या त्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत वह्यांचे गठ्ठे, म्हणून तालीम स्वयंपाकघरात. आम्ही सहा-सात पोरी ओट्याला टेकून उभ्या आणि तुम्ही मोठ्या पातेल्यात उपमा हलवताय. ताटली रिकामी झाल्याशिवाय तालीम सुरू व्हायची नाही. "उपाशी पोरगी पार्ट करत नाही, पार्ट कधी संपतो ते बघते," हे तुमचं ठरलेलं. पुढे मी पहिल्यांदा मुंबईला निघाले तेव्हा आईने बोलणं टाकलं होतं, आणि तुम्ही वाकडला बसपाशी आलात, दोन खणांचा स्टीलचा डबा घेऊन. दशम्या आणि लसणाची चटणी. "काम मागायला जाताना पोट भरलेलं असावं, नाहीतर काम मागायचं सोडून माणूस भीकच मागायला लागतं." तो डबा अजून आहे. झाकण सैल झालंय, रबर लावून नेते. पण बाई, तुमचं ते वाक्य उद्याच्या नोकरीच्या बाजूने आहे की विरुद्ध, हे मला काही केल्या ठरवता येत नाही. दोन्हीकडून लागू पडतं.

आणि तुम्ही मला रागावलात ती संध्याकाळ. मी दहावीत. नाटकात मुलगा गेल्याची तार येते आणि आई कोसळते, असा प्रसंग होता. मी घरी आरशासमोर तयारी करून आले होते. तार वाचली, किंचाळले, खाली पडले, खरे अश्रू काढले. पोरी गप्प झाल्या. मला वाटलं, जिंकलं. तुम्ही पातेल्यावर झाकण ठेवलंत आणि म्हणालात, "ऊठ. काय हा तमाशा? असं रडतात होय? बाईवर वेळ येते ना, तेव्हा ती आधी गॅस बंद करते. मग बसते. रडायचं सुचायला फार वेळ लागतो." मी इतकी खट्टू झाले की आठवडाभर तुमच्याशी नीट बोलले नाही. तुमचे मिस्टर पिंपरीच्या एका कारखान्यात अपघातात गेले, हे आख्ख्या शाळेला माहीत होतं. फ्रिजवर त्यांचा फोटो होता. आम्ही त्याच फोटोखाली उभं राहून उपमा खायचो. पण तुमचं ते बोलणं आणि तो फोटो यांची सांगड त्या वयात मला घालता आली नाही.

आता माझं खरं काम सांगते, ज्याचे पैसे मिळतात. दर मार्चमध्ये कंपन्यांत सुरक्षा सप्ताह असतो. आमचा पाच जणांचा ग्रुप चाकण, भोसरी, तळवडे असा फिरतो आणि कॅन्टीनमध्ये पथनाट्य करतो. एक कामगार हेल्मेट न घालता शिडीवर चढतो, पडतो, मरतो. मी त्याची बायको. नवऱ्याला, म्हणजे माझ्या खऱ्या नवऱ्याला, यात भारी गंमत वाटते. तोही चाकणलाच फर्स्ट शिफ्टला असतो. मार्च उजाडला की डबा भरताना विचारतो, "काय गं, आज कुठल्या कंपनीत मारतेस मला?" सासूबाईंना मात्र ते ऐकवत नाही, त्या देवापुढे दिवा लावून येतात. तर त्या नाटकात माझ्याकडे ना ओटा, ना भांडं. कॅन्टीनच्या फरशीवर मी हवेतच भाजी हलवते. फोन वाजतो. ऐकते. आणि हात आपोआप खाली जाऊन हवेतलं एक बटण फिरवतो. मग खाली बसते. सेफ्टीचे साहेब दरवर्षी म्हणतात, "मॅडम, जरा जास्त रडा ना, इम्पॅक्ट यायला पाहिजे." मग त्यांच्यासाठी रडते. ते रडणं त्यांचं, गॅस माझा.

यंदा संक्रांतीनंतर खालच्या मजल्यावर हळदीकुंकू होतं. मी वाण घेऊन पाणी प्यायला आत गेले, तर स्वयंपाकघरात एक बाई दूध आटवत उभी होती. मागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणारी, कंपनीत कंत्राटावर असते, मूळ लातूरकडची. नवरा गेलेला, म्हणून बाहेर बायकांत बसत नाही, आत राबते. ती माझ्या कपाळाकडे टक लावून बघत राहिली. मग दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "बरं केलं ताई. कुणाला सांगू नका. लावून घ्या खुशाल. मला नाही जमलं, तुमाला जमलं." मला काही कळेना. म्हणाली, "तुमी आमच्या कंपनीत आल्ता की मार्चात. तुमच्या मालकाचं सांगितलंत. मी व्हते तिथं, पानी वाढायला." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तिला वाटलं होतं, कंपनीवाले खऱ्याच एका विधवेला बोलावून तिची कहाणी सांगायला लावतात, आणि मी आता कुणाला न सांगता कुंकू लावून बायकांत बसते. मी तिचा हात धरला. म्हटलं, अहो नाही हो, ते नाटक होतं. माझे मिस्टर आहेत, येतीलच आता शिफ्टवरून. ती दुधाकडे वळली. हसली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "नाटक व्हतं, तर मग गॅसचं तुमाला कुनी शिकिवलं?"

माझ्या बाईंनी, म्हटलं. "त्याबी आमच्यासारख्याच का?" मी हो म्हटलं, आणि म्हणताना मला तुमचा तो फ्रिजवरचा फोटो दिसला. इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात. त्या दिवशी तुम्ही मला रागावत नव्हता बाई, तुम्ही स्वतःचं सांगत होता. मला रडू यायला लागलं, आणि ती बाई मात्र दूध ढवळत शांतपणे म्हणाली, "फोन आला तवा मी बी आधी तेच केलं. भात व्हता गॅसवर. पर ताई, तुमच्या नाटकात एक ऱ्हायलं बघा. बंद केलेला गॅस तिन्हीसांजेला परत पेटवावा लागतो. पोरांला भूक लागती. ते लई अवघड." मला आजवर कुणी दिलेली ही सगळ्यांत मोठी दाद आहे, आणि सगळ्यांत नेमकी चूकही तिनेच काढली. मी ठरवलं होतं, येत्या मार्चमध्ये तो भाग घालायचा. साहेब काहीही म्हणोत, शेवटी ती बाई उठते, ओट्याशी जाते आणि काडी ओढते. पण उद्या हो म्हटलं, तर येत्या मार्चमध्ये मी साहेबांच्या बाजूला खुर्चीत बसलेली असेन आणि फरशीवर दुसरीच कुणी असेल.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. तुमच्या त्या दोन खोल्या पाडून तिथे टॉवर झालाय, आणि तुम्हाला जाऊन तर इतकी वर्षं झाली. लिहून झालं की घडी करून तुमच्या डब्याच्या वरच्या खणात ठेवून देईन. तो खण आता रिकामाच असतो.

एक सांगायचं मघापासून टाळतेय. कोऑर्डिनेटरचा फोन सकाळीच येऊन गेला. आत्या दुसरीला मिळाली. मी गवारीची भाजी टाकली होती. त्याचं बोलणं संपायच्या आत माझा हात खाली गेला होता. समोर कॅन्टीन नव्हतं, साहेब नव्हते, सासूबाई गावाला गेलेल्या, कुणीच नव्हतं. बटण मात्र खरं होतं. मग स्टुलावर बसले, आणि तुम्ही म्हणाला होता तसं रडायचं सुचायला वेळ लागला. पण सुचलं. एका आत्यासाठी कुणी इतकं रडतं का, असं स्वतःलाच विचारत रडले.

आता साडेचार होत आलेत. नवरा आंघोळ करून आतल्या खोलीत झोपलाय, त्याला अजून काही सांगितलेलं नाही. आल्या आल्या त्याने विचारलं, "आज जेवायला काय?" मी म्हटलं, होतंय, पड जरा. खोटं बोलले, बाई. भाजी अर्धी कच्ची तशीच आहे. मी अजून गॅस पेटवलेला नाही.