टेबलावरचे पडके देऊळ हलवू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा कवळ्या बनवणे (आता बंद), गल्लीत दातवाल्या काकू म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. वन्संनी, म्हणजे माझ्या नणंदबाईंनी, तो वाचून "डॉक्टर नवीन दिसतोय" असा शेरा मारला होता, त्यावरून त्यांचेही ठिकाणावर असल्याचे सिद्ध होते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. वन्सं रविवारपासून रुसल्या आहेत, पण रुसण्याला कायद्यात दबाव म्हणत नाहीत, असे वकीलबाईंनी सांगितले. हे सगळे अंमलात आणण्याचे काम वकीलबाईच करतील.

कलम १. बँकेतली शिल्लक मुलाला आणि सुनेला मिळून. सुनेला मुद्दाम धरले आहे, कारण मुलाच्या हातात पैसा टिकत नाही. हे त्यालाही माहीत आहे.

कलम २. मेण कापायच्या सुऱ्या, तार वाकवायच्या पकडी आणि घासायचे यंत्र दातांच्या दवाखान्यात आता माझ्या जागी बसणाऱ्या बाईंना द्यावे. सर्वांत बारीक पक्कड मात्र टेबलाच्या खणातच राहील, ती कलम ३ मधल्या देवळाला लागते. त्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर माझे काम स्वतःचे म्हणून मिरवत आले. त्यांना माझ्याकडून काही नाही. त्यांच्या तोंडात माझ्या हातची कवळी आहे, तेवढी त्यांनी ठेवून घ्यावी.

कलम ३. स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावर, खिडकीच्या बाजूला, खेळण्यातल्या ठोकळ्यांचे एक देऊळ आहे. जंगलातले पडके देऊळ. शिखर एका अंगाने ढासळलेले, सभामंडपाचे छत अर्धे गेलेले आणि भिंतीवर एक झाड चढून बसलेले. ते कसे झाले हे लिहून ठेवते, म्हणजे कोणी झाडताना सुपलीत भरणार नाही.

माझे यजमान, म्हणजे वन्संचे थोरले भाऊ, गेले आणि या घरात आम्ही दोघीच उरलो. वन्संनी लग्न केले नाही. घर आम्ही नवरा-बायकोने घेतले, पण किल्ल्या पहिल्या दिवसापासून वन्संच्या कमरेला. मला बघायला आल्या होत्या तेव्हा परत जाताना म्हणाल्या होत्या, "मुलगी बरी आहे, पण हात बघितलेत? मजुराचे हात आहेत." ते माझ्या कानावर आले आणि तिथेच बसले. पुढे सगळा संसार होईपर्यंत आमचे बोलणे "गॅस संपला" आणि "दार लावा" एवढ्यावर भागत होते.

मग एके दिवशी वन्संच्या उजव्या अंगावरून वारे गेले. पाय सुधारला, हात मांडीवर पडून राहिला. वरच्या मजल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाई राहतात. त्या म्हणाल्या, बारीक वस्तू उचलायला लावा. वन्संनी वाटाणे उचलले नाहीत, कपड्यांचे चिमटे उचलले नाहीत. "मी काय बाळ आहे?" म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. तेव्हा मी नातीने मागे ठेवलेली ठोकळ्यांची पेटी टेबलावर रिकामी केली. औषधवाल्याच्या जुन्या कॅलेंडरावर जंगलातल्या पडक्या देवळाचे चित्र होते, ते समोर टेकवले. वन्संना धरून खुर्चीत आणून बसवले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मुद्दाम वाकडी भिंत लावू लागले.

वन्सं नोकरीभर पाणी खात्यात गळतीच्या तक्रारी नोंदवत होत्या. वाकडी भिंत त्यांना कशी बघवणार? तिसऱ्या थराला तोंड उघडले.

"वहिनी, पडकं देऊळ असं पडकंच बांधतात का? आधी धड बांधायचं. मग पाडायचं."

"मला नाही जमत. तुम्ही दाखवा."

"सरका."

सुरुवातीला सगळे डाव्या हाताने चालले होते. मी ठोकळ्यांचा ढीग रोज थोडा उजवीकडे सरकवत गेले.

आधी आख्खे देऊळ बांधले. करडे ठोकळे कमी होते, म्हणून बाहेरून करडे आणि आतून लाल-पिवळे. "आत कोण बघतंय," वन्सं म्हणाल्या. शिखर पुरे झाले त्या दिवशी आम्ही दोघी त्याच्याकडे नुसत्या बघत बसलो. आता पाडायचे होते आणि कोणाचाच हात धजेना. कितीतरी दिवस त्याच्या शेजारी ताटे कशीबशी मांडून जेवलो. मग एका सकाळी वन्संनी उजवा हात उचलला, अंगठा आणि बोट यांत शिखराच्या बुडाचा एक ठोकळा धरला आणि ओढला. "पाणी इथून शिरणार," म्हणाल्या. मी पदरात तोंड लपवून रडले. त्यांना वाटले, देवळासाठी रडते आहे.

तिथून पुढे एकेक ठोकळा विचार करून काढला. कुठे ओल धरेल, कुठली तुळई आधी वाकेल, हे सगळे त्या सांगणार. तुटल्या जागी आतला पिवळा उघडा पडला तेव्हा त्या हिरमुसल्या. मी म्हटले, तिथे ऊन पडलंय असं समजा. झाडाची मुळे मी केली, तारेची आणि कवळीच्या मेणाची. रंग देऊनही एका मुळातून गुलाबी डोकावते, तिकडे बघू नये.

झाडावरून आमचे वाजले.

"वहिनी, या झाडानंच देऊळ पाडलं हो. काढून टाका ते."

"आणि आता तेच धरून बसलंय. काढून बघा, उरलेलं पण खाली येईल."

वन्संनी झाडाकडे बघितले, मग माझ्याकडे. "यात झाड कोण नि देऊळ कोण, ते मी विचारत नाही," म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

देवळाला गोंद लावलेला नाही. वन्संनी लावू दिला नाही, चिकटवलेले ते पडके कसले म्हणाल्या. त्यामुळे ते उचलता येत नाही. टेबल हलले की गेले.

कलम ४. माझे राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, यजमानांनी त्यांचा वाटा मला लिहून दिल्याने आता माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. ते मी नणंदबाईंना त्या आहेत तोवर राहायला देत आहे. त्यांनी त्यांच्या मर्जीने राहावे, भाडे न देता आणि कोणाचे उपकार न मानता. त्यांच्या पश्चात घर मुलाचे. त्याआधी ते विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही आणि "आत्या, तुझ्याच सोयीसाठी" असे म्हणून रिकामेही करून घेता येणार नाही.

माझा मुलगा वाईट नाही, घाईचा आहे. मागच्या खेपेला आला तेव्हा म्हणाला, "आई, पुढे-मागे आत्यासाठी एक चांगली जागा बघून ठेवलीय. बाग आहे, डॉक्टर आहे." वन्सं आतून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पलंगाखाली भरलेली बॅग सापडली. विचारले तर म्हणाल्या, "असू दे भरलेली. तुमच्या मागे पोराला अडचण नको." हे कलम त्यांना आधी सांगितले तर त्या नको म्हणतील, म्हणून सांगितलेले नाही. जन्मभर माझे न ऐकलेल्या बाईंना एवढे तरी मुकाट्याने घ्यावे लागेल.

बाळा, लहानपणी ताप चढला की तू मला नाही, आत्याला हाक मारायचास. मला फार राग यायचा. तो राग आता गेला. तू ती हाक विसरू नकोस.

कलम ५. वन्संच्या पश्चात देऊळ मुलाने स्वतःच्या हाताने उतरवावे, एकेक ठोकळा, झाड सर्वांत शेवटी. ठोकळे नातीचे आहेत, ते तिला परत द्यावेत.

कलम ६. साक्षीदारांविषयी. वारे गेल्यापासून वन्सं बँकेतही अंगठा लावत होत्या. ठोकळ्यांनंतर पेन धरले. कॅलेंडराच्या मागच्या बाजूला गिरवून गिरवून सही परत बसवली. पहिली खरी सही माझ्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून करायची, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. नवे पेनही आणले. रविवारी मी नाही म्हटले.

"माझी सही वाकडी येते म्हणून?"

"नाही हो."

"मग?"

मी चहा टाकायला उठले. तेव्हापासून त्या टेबलाच्या पलीकडे बसतात आणि देवळाच्या आडून माझ्याकडे बघतात.

वन्सं, हे वाचाल तेव्हा मी उत्तर द्यायला नसेन, म्हणून इथे देते. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला त्यातले काही मिळत नाही. तुम्ही सही केली असती तर डोक्यावरचे छप्पर गेले असते. तुमची सही चांगली आहे. तुमच्याशिवाय मला या घरात करमले नसते, हे तोंडावर सांगायचे कितीदा तरी राहून गेले. बॅग रिकामी करा.

ठिकाण: स्वयंपाकघर, टेबलाची देवळाने सोडलेली बाजू.
दिनांक: ६ नोव्हेंबर, बुधवार.

सही: दातवाल्या काकू

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळायचे नाही, चहा मिळाला:
१. खालचे औषधवाले (कॅलेंडर यांचेच)
२. वरच्या मजल्यावरच्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई

याखालची ओळ कायद्याला लागत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. मला लागते.

घर मिळाले. किल्ल्या माझ्याकडेच होत्या.
नणंदबाईंची सही: ______________

वन्सं, उजव्या हाताने करा. घाई नाही.