रस्त्याकडची खोली

मी, शहरबानो मंसूर शेख, राहणार बाजारपेठ, जव्हार, धंदा शाळेचे गणवेश शिवणे. गुडघे गेले, नजर अधू झाली, पण डोके जागेवर आहे आणि पुढचे सर्व मी कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने लिहून ठेवीत आहे.

१. मला मूलबाळ नाही. वारस एकच, माझ्या भावाचा मुलगा अन्वर. तो इथल्या खाजगी इंग्रजी शाळेचा विश्वस्त आहे आणि शाळेला माझे घर हवे म्हणून हल्ली रोज चहाला येतो. शरियतप्रमाणे मला मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता येते. बाकीचे दोन हिस्से त्याचे. लखलाभ.

२. तिसरा हिस्सा, म्हणजे रस्त्याकडची मोठी खोली, ओटा आणि विहीर, मी चंद्राबाई दिघा यांना देते. बाई सूर्यमाळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतात. त्यांच्या वर्गातली पोशी अन्वरच्या शाळेच्या प्रवेश परीक्षेत पहिली आली. पालकांची मुलाखत ठेवली पौषात. पौषात डोंगरावर आईबाप असतात कुठे? सगळे वसईकडे गवत कापायला. जव्हारात जन्मलेल्या विश्वस्तांना हे सुचू नये, याचे मला अजून नवल वाटते. बाई स्वतःच पोशीला घेऊन गेल्या. पालक शिकलेले हवेत, असे ऐकल्यावर म्हणाल्या, "शिकलेली मी, पोसते तिची आय. दोघींना मिळून एक पालक धरा." धरला नाही, वर देणगी मागितली. बाईंनी त्याच दिवशी पोशीचे नाव सरकारी शाळेत घातले आणि तिला माझ्या दारात आणले. "खाला, हिला र्‍हायाला जागा द्या." तिच्यामागून खोडाळ्याच्या, मोखाड्याच्या मुली आल्या. बाई दर शनिवारी नागलीचे पीठ घेऊन डोंगर उतरतात आणि मुलींकडून गणिते करून घेतात. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

३. खोलीत राहणाऱ्या मुलीकडून भाडे घेऊ नये, तिचे आईबाप किती शिकले ते विचारू नये. शिवणयंत्र मुलींचे. गणवेशाला आत भरपूर कापड दुमडून ठेवावे, मुली वाढतात.

४. अन्वर, मागच्या हिश्श्यात तू वर्ग जरूर भरव. वाट माझ्या ओट्यावरूनच आहे, ती कोणी अडवणार नाही. तुझी टायवाली मुले रोज या मुलींसमोरून जातील. त्यांनी एकमेकांची नावे विचारावीत, एवढे बघ.

डॉक्टर घाई करायला सांगत होते. पण साक्षीला मला पोशीची आई गौरा हवी होती आणि ती गवतावर गेली होती. म्हणून शिमग्यापर्यंत थांबले.

शहरबानो मंसूर शेख (सही)

साक्षीदार:
देवजी भोये, निवृत्त पोस्टमन, जव्हार (सही)
गौरा जिवा वारघडे, पालक, सूर्यमाळ (अंगठा)

जव्हार, १२ मार्च १९८५