मांदे म्हणायची शिस्त

३ ऑगस्ट
आज या घरात आले. गल्ली एवढ्या चढाची की गाढवसुद्धा मध्ये थांबून विचार करील, पण स्वयंपाकघर पाहिलं आणि दमणूक विसरले. दोन खिडक्या आणि ऊन थेट चुलीपर्यंत. आधी भिंतीवर ग्वादालुपेच्या मातेची तसबीर लावली, मगच एप्रन बांधला. मालकीणबाई ओर्तेन्सिया लिओन शहरात राहतात. इथल्या विद्यापीठात सत्रभर शिकायला येणाऱ्या परदेशी मुलींना जेवूखाऊ घालायचं, लेकीसारखं वागवायचं, एवढं काम. मला लेक नाही, नवरा जाऊन सहा वर्षं झाली. वागवीन लेकीसारखं. अंगणात पावसाच्या पाण्याचं जुनं टाकं आहे, त्यावर लाकडी झाकण आणि झाकणावर चार दगड. ते हलवायचे नाहीत असं बाईंनी बजावलंय. बरंच आहे, उघडं टाकं म्हणजे डास.

७ ऑगस्ट
मुलगी आली. स्वीडनची आहे, डिसेंबरपर्यंत राहील. नाव लिनेया. आमच्या स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ रेघ. समोर चोले नावाची बाई गोर्दिता, म्हणजे सारण भरलेल्या जाड मक्याच्या भाकऱ्या, तळून विकते, ती पोरीकडे बघून म्हणाली की नाव ठेवणाऱ्याने माप घेऊनच ठेवलंय. पोरगी स्वतःच हसली. ताटात काही टाकत नाही. कालच्या उरलेल्या मक्याच्या भाकऱ्या मी तळून लाल रश्शात घातल्या, तर दोनदा मागून घेतल्या. असं माणूस मला आवडतं.

खोड एकच. हाक मारली की "के?" म्हणते. "काय?" असं सरळ तोंडावर. माझ्या आईसमोर असं बोलले असते तर ओठांवर लाकडी चमचा बसला असता. मोठ्यांच्या हाकेला "मांदे" म्हणतात, हे हिला कोण शिकवणार? मीच.

१५ ऑगस्ट
मातेच्या स्वर्गारोहणाचा सण. चर्चहून आल्यावर शिकवणी पुढे चालू. मी हाक मारायची, ती "के?" म्हणाली की चमचा टेबलावर आपटायचा. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. मग तिने शब्दकोश उघडला आणि मला, कूकाबाईला, म्हणाली, दोन्या कूका, मांदेचा अर्थ तर "हुकूम करा" असा आहे. हाक कुणाची ते न बघताच तुम्ही हुकूम करा म्हणता? मी म्हटलं, शब्दाची साल काढत बसू नकोस, ही रीत आहे. साठ वर्षं म्हणतेय, कुणी हुकूम केला मला? नवऱ्याने केला म्हणा, पण तो न म्हणताही केला असता.

२ सप्टेंबर
आता ती झोपेतसुद्धा मांदे म्हणते. मला अभिमान वाटतो, तो पाप असला तरी.

दुपारी जेवणानंतर घर निजतं तेव्हा मी जपमाळ घेऊन बसते. आज माळेच्या तिसऱ्या दहा मण्यांवर असताना अंगणातून कुणी तरी "कूका" म्हणून हाक मारली. जप मध्ये सोडून मी बिशपलाही ओ देणार नाही. माळ पुरी करून गेले तर अंगणात कुणी नाही. लिनेया वर्गाला गेली होती.

९ सप्टेंबर
टाक्यावरचा एक दगड खाली उतरवलेला. पोरीच्या बाह्या धुळीने माखलेल्या. विचारलं तर चकित होऊन म्हणाली, तुम्हीच हाक मारून सांगितलंत. मी तर माळ घेऊन आत होते. दगड परत ठेवला. जड होता.

११ सप्टेंबर
आज दोन दगड खाली. पुन्हा तेच, तुम्हीच सांगितलंत. खोटं बोलणारी पोर नाही. बोलताना मात्र डोळे अर्धे मिटलेले होते.

१२ सप्टेंबर
चोलेला गाठलं. आधी म्हणाली की गोर्दिता घे आणि गप्प घरी जा. मी हलले नाही. तेव्हा बोलली. टाक्यात काही तरी आहे, ओळखीच्या आवाजात हाक मारतं. ज्याने मांदे म्हटलं तो त्याच्या हुकमाचा झाला. आधीची घरकाम करणारी आंपारो अशीच आत उतरली. या गल्लीतली पोरं त्या अंगणात ओ देतच नाहीत. परदेशी मुली वर्षानुवर्षं राहून धडधाकट गेल्या, कारण उद्धट. हाक आली की "के?" म्हणायच्या, आणि त्याला उलट उत्तर सोसत नाही, आठ-आठ दिवस ते गप्प बसायचं. मग चोले कढईत बघत म्हणाली, या गरीब रेघेला शिस्त लावली तरी कोणी?

माझा हात एप्रनमधल्या चमच्यावर गेला. तिला कळलं.

१३ सप्टेंबर
चमचा उलटा चालवतेय. मांदे म्हटलं की आपटायचा, के म्हणायला लावायचं. ती कळवळून म्हणाली, आता तोंडात बसलंय, निघत नाही. माझ्यासमोर दहातून चारदा के म्हणते. सहांचं काय?

मालकीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, परदेशी मुलीच्या डोक्यात भरवू नका. मी म्हटलं, भरवायचं ते मीच भरवलंय, आता मीच काढीन. फोन ठेवला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी आधी ठेवला.

१६ सप्टेंबर
राष्ट्रीय सण, वर्ग बंद, ती दिवसभर घरी. चारही दगडांवर मी स्वतः बसले. माळ, शिवणकाम, पाण्याचा तांब्या जवळ. दोन वाजता बुडाखालून आवाज. माझाच. माझाच खोकला, माझीच "लिनेया". खोलीतून तिचं गोड उत्तर आलं, मांदे.

ती आली आणि मला बाजूला ढकललं. रेघेएवढी पोर, पण मी फरशीवर. दगड गेले. झाकण गेलं. एक पाय आत—

मी माझ्या आईचा दरडावणीचा आवाज काढला. लिनेया! ती वळली. मांदे. म्हटलं, बाहेर ये. आली. चपला घाल. घातल्या.

म्हणजे शेवटची हाक ज्याची, हुकूम त्याचा. मग हाका माझ्याच.

१७ सप्टेंबर
रात्रभर, पहाटभर हाका मारल्या. घसा बसला. ते खालून मारी, मी वरून. सामान भर. मांदे. पासपोर्ट घे. मांदे. शेवटची आज्ञा बसच्या खिडकीतून दिली, घरी जा आणि आयुष्यात पुन्हा कुणालाही मांदे म्हणू नकोस. तिने तोंड उघडलं. आणि म्हणाली, के?

इतकं गोड उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं. बारा वाजता बस सुटली.

१९ सप्टेंबर
विमान पोचलं. पोरगी तिच्या आईजवळ आहे. चोलेच्या फोनवर निरोप आला.

चोले म्हणते, तूही नीघ. कशाला? जानेवारीत दोन मुली येणार आहेत, कोलंबियाच्या. चांगल्या घरच्या. तिथेही आया शिस्त लावत असतील.

उलट उत्तराने आठ दिवस गप्प बसतं. तेवढ्यात टाकं दगडमातीने भरून घेईन. गवंडी सांगून ठेवलाय, पण ते गप्प झाल्याशिवाय तो अंगणात पाऊल टाकणार नाही. म्हणून आज दुपारी मीच के म्हणणार आहे. जप आधीच उरकला. झाकणाशी बसले आहे. वही मांडीवर.

दोन वाजले—

लिनेयाच्या आवाजात हाक मारतंय. फसणार नाही, ती घरी आहे. के म्हणणार, तोच आवाज बदलला.

नवऱ्याच्या आवाजात. हं. त्याला तर केव्हाच के म्हणायला—

थांबलं.

"कुकीता."

हे नाव फक्त आईचं. आईचाच आवाज, सकाळचा, भाकऱ्या थापतानाचा. आईला मी कधीही के म्हटलेलं नाही. ओठ आपसूक मिटताहेत, म साठी. चावून धरलेत. रक्ताची चव—

पुन्हा. "कुकीता."

माफ कर, आई. तू असशील तर चमचा मार. नसशील तर ऐक. तोंड उघडतेय, म्हणतेय—