आधी ओट्यावर बसा

कामठा,
४ ऑगस्ट २०२४, रविवार

धनेंद्रच्या बाबूजींना तुलसाचा नमस्कार.

आम्ही इकडे मजेत आहोत, तुम्हीही बरे असाल. व्यसनमुक्ती केंद्रात फोन ठेवू देत नाहीत, म्हणून उद्या तुमच्या केंद्रातल्या दुर्गेश्वरीताई गोंदियाला परत जातील तेव्हा त्यांच्या हाती हे पत्र देते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. लिहिताना हसू येतंय. समोर असले की माझं तोंड बंद होत नाही, असं तुम्हीच गावभर सांगत फिरता ना!

आपल्या धानाच्या बांध्यांची रोवणी झाली. पाऊस बरा आहे. लाल गाय व्यायली, गोऱ्हा झाला. फार अवखळ आहे, कोणावर गेलाय ते सांगत नाही. हिरालालभाऊंचा ट्रॅक्टर सध्या उभा आहे, पाऊस जास्त झाला म्हणून. त्यामुळे धनेंद्र घरीच असतो. जेवतो, झोपतो.

तुमच्या हाताची थरथर थांबली का? रात्री झोप लागते का? ताई म्हणाल्या, तुम्ही आता सकाळी सगळ्यांसाठी चहा करता. घरी कधी चुलीकडे फिरकला नाहीत, तिथे बरा चहा जमतो!

ताईंनी मला बजावलं आहे, पत्रात घरची काळजी लिहू नका, माणूस तिथे अस्वस्थ होतो, उपचार अर्धवट टाकून निघतो. मी मान हलवली. पण वर पाऊस बरा आहे असं लिहिलं आणि लगेच जास्त झाला असंही लिहिलं. तुम्ही शेतकरी आहात, तुम्ही ते पकडलंच असेल. मला खोटं नीट लिहिता येत नाही.

आखाडीच्या सणाआधी आम्ही बायका समाजमंदिरात बसलो होतो. त्या दिवशी देवाला मोहाच्या दारूची धार द्यायची असते. पण दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या गड्यांच्या हातात बाटली द्यायची नाही, त्यांच्या जागी घरचं पोर जाईल, असं आम्ही ठरवलं. टाळ्यासुद्धा वाजवल्या. तुम्ही केंद्रात, म्हणून आपल्या घरून धनेंद्र गेला. धार दिल्यावर उरलेला घोट देणाऱ्यानेच घ्यायचा असतो, हे आम्हा सगळ्या बायकांना जन्मापासून माहीत. तरी एकीच्याही डोक्यात आलं नाही. गडी वाचवायच्या नादात आम्ही पोरांना पाठवलं.

त्या घोटानंतर पोरं तिथेच पीत बसली. बाकीची उठली. धनेंद्र त्या दिवसापासून रोज बसतो.

मंगळवारी चिखलणी करताना त्याने ट्रॅक्टर बांधाच्या धुऱ्यावरून खाली घातला. तो बाजूला फेकला गेला, कोपर सोललं, तेवढ्यावर निभावलं. पण खालच्या बांधीत शामकलाबाई आणि बाकीच्या बायका वाकून रोवत होत्या. चाक त्यांच्याजवळ येऊन रुतलं. शामकलाबाई माझ्याशी अजून बोलते, पण डोळ्याला डोळा देत नाही. ट्रॅक्टर दुरुस्त होतोय. या हंगामात दुसरा ड्रायव्हर मिळत नाही, म्हणून हिरालालभाऊंनी शुक्रवारपासून पुन्हा यालाच बोलावलं आहे. मी हात जोडले. ते म्हणाले, "पोरगा हाय, होते असं एखाद्या वेळी." मला रात्रंदिवस ते चाकच दिसतं.

काल बकारामभाऊ आपल्या ओट्यावर येऊन बसले. तुमची सुटावी म्हणून रोज बसायचे तसेच. तुम्ही त्यांना काय काय शिव्या दिल्या होत्या, आठवतं? ते फक्त चहा मागायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. धनेंद्र बाहेर आला आणि म्हणाला, "कायले बसून राहिले काका? मी का बाबूजी आहो का? मी तं देवाचा घेतो." भाऊंनी चहा संपवला. जाताना मला म्हणाले, "वहिनी, माह्या बसल्यानं नाही होत. जियालाललेच बसा लागते." म्हणजे तुम्हालाच.

गुरुवारी तुम्हाला सोडणार आहेत. मला भीती वाटते. तुम्ही याल, त्याच्या तोंडाचा वास तुम्हाला येईल, आणि रागाने किंवा दुःखाने तुमचाही पाय तिकडेच वळेल. दोघं एकाच ठिकाणी बसलेले दिसाल, या विचाराने अन्न गोड लागत नाही. आणखी थोडे दिवस तिथेच राहा, असं लिहायला मी हे पत्र घेतलं होतं. पण तुम्ही राहिलात तर शुक्रवारी तो ट्रॅक्टरवर चढेल.

तेव्हा या. स्टँडवर कोणी हाक मारली तरी थांबू नका, सरळ घरी या. पण घरात येऊ नका. त्याला मारू नका, समजावूही नका. आधी ओट्यावर बसा. ज्याने सोडली त्यानेच दुसऱ्याच्या दारात बसायचं, प्यायलेल्याने त्या ओट्याला पाय लावायचा नाही, हा बकारामभाऊंचा नियम तुम्हाला माहीत आहे. दार आपलंच आहे, तरी नियम तोच.

तो शिव्या देईल. तुम्ही फक्त चहा मागा. मी आत चूल पेटवून बसलेली असेन.

धनेंद्रची आई