“फाइल आमचीच आहे”

सोमवार, ३

सकाळी व्हायरस शोधणारा स्कॅनर उघडला — एकशे बारा लाल ओळी! आणि हॉस्पिटलचे सगळे कॉम्प्युटर बघायला मी एकटी. दुपारपर्यंत ऐंशी तपासल्या. सगळ्या खोट्या. डिस्चार्जची पत्रं छापणारा प्रोग्रॅम — धोका. स्टोअरबाईंचा टायपिंगचा फॉन्ट — धोका! रोज मरे त्याला कोण रडे. उरलेल्या बत्तीस नुसत्या नजरेखालून घातल्या.

मंगळवार, ४

आज रक्त तपासणीच्या लॅबमध्ये लाल ओळ. प्रोग्रॅमच्या नव्या अपडेटमधली एक फाइल. या वेळी खरंच घाबरले आणि नियमाप्रमाणे लॅबचा कॉम्प्युटर नेटवर्कपासून तोडला. लॅबकाका ओरडलेच — “अगं, वर रिपोर्ट पाठवू कसे?” हाताने लिहून, जिना चढून. त्यात एका बाईंचं ऑपरेशन दोन तास अडलं. त्यांचा नवरा दर दहा मिनिटांनी माझ्या टेबलासमोर येऊन घड्याळ दाखवत होता.

संध्याकाळी प्रोग्रॅमवाल्या कंपनीच्या माणसाला फोन. प्रत्येक फाइलला एक ठसा असतो, आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ. नाव कुणीही कुणाचं लावेल, ठशाची नक्कल करता येत नाही. मी तो वाचायला लागले, तर म्हणे, “मॅडम, नुसतं नाव सांगा ना.” सांगितलं. “हां, फाइल आमचीच आहे. सगळ्यांकडे असंच होतं.” तरी ठसा मेल केला. “बघतो” म्हणाला.

बुधवार, ५

मोठ्या डॉक्टरबाईंनी बोलावलं. “लांडगा आला रे आला — किती वेळा गं?” लेखी माफी मागितली. यापुढे त्यांना विचारल्याशिवाय काही बंद करणार नाही, असंही लिहून दिलं. मग लॅबचा कॉम्प्युटर जोडला आणि ती फाइल सवलतीच्या रजिस्टरमध्ये चढवली. म्हणजे स्कॅनरने आता तिच्यावर ओरडायचं नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं: कंपनीने फोनवर खात्री दिली. शेजारी माझी सही.

गुरुवार, ६

त्याच अपडेटच्या आणखी एकोणीस. कारण: वरीलप्रमाणे.

शनिवार, ८

पुन्हा सव्वीस! जीव नकोसा झाला. एकेक फाइल कुठवर चढवू — अख्खा फोल्डरच सवलतीत टाकला. कारण: वरीलप्रमाणे. यादी एकदम चौदावर आली. डॉक्टरबाई खूश — “बघ, जमतं की तुला!” शाबासकी मिळाली आणि मला रडूच यायला लागलं.

रविवार, ९

सुट्टी. जेवतानाही फोनवर यादी बघत होते. आमचे हे म्हणाले, “आता ताटातही व्हायरस शोध.” हसले. पण खरं-खोटं मला आता ओळखू येत नाही, हे कुणाला सांगू? पगार तर त्याचाच घेते!

मंगळवार, ११

कंपनीला तिसरा फोन. “ठसा बघणारे रजेवर आहेत मॅडम. आणि प्रोग्रॅम चालतोय ना? मग?” चालतोय.

दुपारी लॅबकाका म्हणाले, “हल्ली मशीन फार रेंगाळतं गं. म्हातारं झालं, माझ्यासारखं.” स्कॅन लावला — काही नाही! सापडेल कसं? त्या फोल्डरकडे बघूच नकोस, असं मीच त्याला बजावलंय. सवलत काढून नीट तपासायला दोन तास मागितले. डॉक्टरबाई म्हणाल्या, “या आठवड्यात ऑपरेशनं भरलीयेत. सोमवारी बघू. आणि तू जरा झोप काढ.” त्यांचंही चुकत नाही. माझं तोंड मीच लिहून बंद केलंय.

बुधवार, १२

सगळं शांत. मला शांत वाटत नाही.

शुक्रवार, १४

सकाळी कंपनीच्या माणसाचा फोन, आपणहून. आवाज पडलेला. “मॅडम, ठसा जुळवून बघितला. ती फाइल आमची नाही.”

डॉक्टरबाई ऑपरेशनमध्ये, त्यांचा फोन बाहेर. विचारू कुणाला? जिना उतरले आणि लॅबच्या कॉम्प्युटरची वायर उपटली. काका या वेळी ओरडले नाहीत. माझं तोंड बघून कागद-पेन घेऊन बसले.

नऊ दिवस ती आत होती. माझ्या सहीने.