सज्ज्यावरची मी

प्रिय तादेआ,

हे पत्र धुतलेल्या चादरींत लपवून पाठवतेय, कारण मठातल्या बाया तुझी पत्रं आधी स्वतः वाचतात. वाचू देत म्हणा, मी आता कुणाच्या बापाला भीत नाही. पण रविवारच्या आत तुला हे मिळायलाच हवं.

तुझ्या बाल्दासारे काकांनी सणाला सज्ज्यावरून सोडायच्या वस्त्रात माझं चित्र विणायला टाकलं होतं, आठवतं? अंगावर विधवेचे काळे कपडे, नजर खाली आणि हातात जोगिणीचं पांढरं शिरोवस्त्र. म्हणजे आईच लेकीला मठात धाडतेय, हे अख्ख्या फेरारा शहराने बघावं. तुझा हुंडा वाचला आणि वर पुण्यही पदरात! मी गप्प राहिले तर म्हणाले, "वहिनी किती समजूतदार!" समजूतदार, माझं डोंबल!

दुसऱ्याच दिवशी मी योरिस विणकराकडे गेले. हे फ्लँडर्सचे लोक मागच्या बाजूने विणतात. वर नुसत्या धाग्यांच्या शेपट्या, खरा चेहरा मागाखाली जमिनीकडे तोंड करून. योरिस घाबरला. "लाउदोमियाबाई, तुमचे दीर आले तर?" मी म्हटलं, "चेहरा बघायला आरसा घेऊन मागाखाली वाकावं लागतं ना? त्यांचं पोट वाकू देईल तर शपथ!" इतका हसला, हातातली कांडीच पडली. मग ज्या चित्रावरून विणायचं, त्यावर त्याने मला हवं तसं चित्र काढलेला कागद चिकटवला. काका यायचे, धाग्यांचं जंजाळ बघून "वा, वा" करून जायचे.

ख्रिस्तशरीराच्या सणाला सगळे सज्ज्यांवरून आपापली भारी वस्त्रं सोडतात. योरिसने माझं वस्त्र त्याच सकाळी मागावरून कापून गुंडाळूनच आणलं. खालून मिरवणूक आली. काका बिशपांच्या डोक्यावरच्या छत्राचा दांडा धरून चालले होते. त्यांनी कौतुकाने वर पाहिलं आणि वस्त्रातली मी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होते. हातात शिरोवस्त्र नाही, लोखंडी किल्ली! समोरची कातेरिना ओरडली, "अगं बाई, ही किल्ली तर लाउदोमियाच्या नदीकाठच्या घराची!" काकांचा चेहरा पांढराफटक. पण दांडा सोडून पळणार कसे? छत्र बिशपांवर पडलं असतं.

संध्याकाळी येऊन थयथयाट केला. "उतरवा ते! घराण्याचं नाक कापलंत!" मी म्हटलं, "नाक शाबूत आहे की, बघा ना, किती सुबक विणलंय." अजून उतरवलेलं नाही.

आता कामाचं. रविवारी जोगीण करताना तुझे केस कापण्याआधी बिशप विचारतील, स्वखुशीने येतेस का? मला लग्नाच्या वेळी कुणी काही विचारलंच नव्हतं, तादेआ. तुला विचारतील. मान वर कर आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं नाही म्हण. मी दाराबाहेर गाडी घेऊन उभी असेन. माझ्या वडिलांनी ते नदीकाठचं घर माझ्या नावावर केलं होतं, त्यावर काकांचा काडीचा हक्क नाही. चादरीच्या घडीत हाताला जड लागेल ती तीच किल्ली. कुलूप तू उघडायचंस.

तुझीच,
अजून सज्ज्यावर लटकलेली आई