कर्नल गॅडबेरींची सहाशे एकर

३ मार्च १९८६
शुक्रवारी निवृत्त झालो. विमा कंपनीसाठी लोकांच्या उडालेल्या छपरांचे पंचनामे करण्यात जन्म गेला. आता स्वतःच्या घराण्याचं काम. पुस्तक लिहायचं: 'व्हर्जिनियाचे गॅडबेरी: एक जमीनदार घराणं'. जुलैत आमचा कुटुंबमेळावा आहे, तोवर छापून तयार.
ऑपलला सांगितलं. म्हणाली, "जमीनदार? अहो, मामंजी तर जन्मभर दुसऱ्याच्या तंबाखूत निम्म्या वाट्यानं राबले." बायकोला इतिहासाची दृष्टी नाही. वडील राबले हे मान्य. याचा अर्थ जमीन मधल्या काळात कुणीतरी लाटली. कुणी, तेच शोधायचं.

५ मार्च
काउंटी कोर्टाचं तळघर. जुन्या दप्तरांजवळ पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. मिसेस पर्दी नावाच्या कारकूनबाईंनी माझं निरोप समारंभात मिळालेलं पेन काढून घेतलं आणि विचारलं, "शिकारीचा परवाना हवाय का?" म्हटलं, मी इतिहासकार आहे. म्हणाल्या, "असं होय. मग तिकडं खिडकीपाशी बसा. पूर्वज शोधणारे सगळे तिथंच बसतात. आणि गाडी समोर लावली असेल तर काढा, दंड होईल."
इतिहासकार मध्येच उठत नसतो. दंड झाला. अक्षर इतकं भयाण, की शाईत पाय बुडवून कोंबडी नाचवली असावी. दिवसभरात एकही गॅडबेरी नाही.

११ मार्च
सापडला!! थियोफिलस गॅडबेरी! १६६८चं कोर्टाचं पुस्तक. पानाच्या अगदी माथ्यावर बारा नावं, त्यात आमचं, आणि खाली स्वच्छ लिहिलंय: सहाशे एकर, ऑटर ओढ्याकाठी. बारा सभ्य गृहस्थांची भागीदारी दिसते. बाकीच्या अकरांची नावं मात्र अगदीच किरकोळ माणसांची वाटतात. मुख्य थियोफिलसच.
गंमत पुढेच आहे. ऑटर ओढ्याकाठी आज माझा मेहुणा रॉयस स्नीड गाई चारतो! जमीन कुणी लाटली हे आता शेंबडं पोरही सांगेल. सासर म्हणून इतकी वर्षं गप्प बसलो, पण त्या लोकांविषयी मला पहिल्यापासून संशय होता.

२४ मार्च
थियोफिलसचं नाव कोर्टाच्या सूचीत जवळजवळ दर महिन्याला येतं. इतक्या वेळा कोर्टात कोण जातं? न्यायाधीश. आणि जमीनदार अधिक न्यायाधीश म्हणजे कर्नल. त्या काळी असतच.
मूळ नोंदी अजून वाचल्या नाहीत. त्या अक्षरानं डोकं उठतं. सूची पुरेशी बोलकी आहे.

७ एप्रिल
ग्रॅनाइटचा स्मृतिस्तंभ सांगून आलो. मजकूर: 'कर्नल थियोफिलस गॅडबेरी, जमीनदार व न्यायाधीश'. मेळाव्यात अनावरण. ऑपल म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." दुर्लक्ष केलं.

२० एप्रिल, रविवार
जेवायला रॉयसकडे. रॉयस लोकांच्या मैलाटाक्या उपसतो आणि जेवताना त्यातल्या गोष्टी सांगतो. हॅम संपेपर्यंत थांबलो. मग मोठ्या मनानं सांगितलं, की ही जमीन मुळात आमची, पण मी दावा लावणार नाही. फक्त स्तंभाला ओढ्याकाठी जागा दे आणि मेळावा तिथं होऊ दे.
रॉयसनं ब्रेडनं ताट पुसलं. म्हणाला, "म्हणजे दाजी, इतकी वर्षं मी तुमच्या जमिनीत राहतोय? मग शनिवारी कुंपण दुरुस्तीला या की. मालकानं नको का यायला?"
माणूस खोचक आहे, पण जागा दिली.

२६ एप्रिल
कुंपणाला गेलो. पाठ धरली.

९ मे
पाठ अजून धरलेलीच. पुस्तकाची प्रगती चांगली. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका आणि माझा फोटो तयार. मजकूर राहिला. छापखानेवाला म्हणतो, जुलैसाठी फार उशीर झाला. छापखानेच हल्ली तसले. आता पुस्तकाऐवजी पुस्तिका. एक जूनपासून पहाटे उठून लिहायचं.

२ जून
पहाटे उठलो नाही. पण स्तंभ आला. रॉयसनं ट्रॅक्टरनं उभा केला. काय दिसतो! उभा राहून पाच मिनिटं झाली नसतील, तोच एक गाय आली आणि कर्नलना मान घासू लागली. तिला हाकललं. तिनं शेपटीनं माझा चष्मा पाडला आणि वर त्यावर पाय दिला.

१७ जून
नवा चष्मा यायला अवकाश आहे, म्हणून वाचायला ऑपलला तळघरात नेलं. फार मोठी चूक.
तिनं सरळ सूचीतल्या नोंदी काढून वाचायला घेतल्या. थियोफिलस: डुक्कर चोरल्याचा आरोप. थियोफिलस: धन्याकडून पळून गेला, पकडून आणला. थियोफिलस: कोर्टात दारू पिऊन शिवीगाळ, दंड. ऑपल म्हणाली, "अहो, तुमचा न्यायाधीश सारखा आरोपीच्याच जागी कसा हो?" मिसेस पर्दींना खोकला आला. खोटा होता.
मी ताडकन सहाशे एकरांचं पान उघडलं. ऑपलनं ते वाचलं. मग एक पान मागं उलटलं. मी मागचं पान कधी उलटलंच नव्हतं. नोंद तिथं, तळाशी सुरू होत होती: हिझिकाया स्नीड यानं स्वखर्चानं पुढील बारा माणसं वसाहतीत चाकरीला आणली, सबब माणशी पन्नास एकरप्रमाणे स्नीड याला जमीन द्यावी.
पुढील बारा माणसं. म्हणजे माझं पान.
थियोफिलस मालक नव्हता. तो आला म्हणून स्नीडला पन्नास एकर मिळाली.
ऑपल आधी पोट धरून हसली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं. येताना न मागता पीच आइस्क्रीम घेऊन दिलं. ते जास्त लागलं.

१८ जून
ऑपलला बजावलं: रॉयसला कळता कामा नये. म्हणाली, "काल रात्रीच फोनवर सांगितलं. भाऊ आहे माझा."
दगडवाल्याकडे गेलो. म्हणतो, ग्रॅनाइटवरचं पुसता येत नाही, हवं तर खाली वाढवून देतो.
मेळावा रद्द करावा का? ओहायोच्या नातेवाइकांनी मोटेल ठरवलंय. आजारी पडावं का? ऑपल ओळखेल.

२६ जून
नवा चष्मा. एकटाच तळघरात गेलो. काहीतरी सापडायलाच हवं होतं. खरं सांगायचं तर मला कर्नल नकोच होता. माझा बाप मेला तेव्हा त्याला पुरायची जागासुद्धा चर्चनं दिली. एकदा, कधीतरी, आमच्यातला कुणी स्वतःच्या मातीवर उभा होता एवढंच मला सगळ्यांपुढे म्हणायचं होतं.
संध्याकाळी नोंद मिळाली. अक्षर लावता लावता डोळे गेले, पण या वेळी मागचं पान आधी वाचलं. थियोफिलसनं स्नीडवर फिर्याद केली: चाकरीची मुदत संपली, तरी रिवाजाप्रमाणे सुटकेचा मका आणि कपडे देत नाही. निकाल थियोफिलसच्या बाजूनं. तीन पिंपं मका आणि एक कोट द्यावा.
दिला का, ते कळत नाही. पुढचं पुस्तक यादवी युद्धात जळालं.
मिसेस पर्दी कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "मिळालं वाटतं काहीतरी. रडताय का?" म्हटलं, नवा चष्मा आहे, त्रास होतो.

५ जुलै
मेळावा पार पडला. पुस्तिका झाली नाही. स्तंभावर चादर टाकली होती, ती मी काढलीच नाही; गाईनं काढली. ओहायोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी जे खरं ते सांगितलं. निदान बरंचसं. शेवट असा केला, की १६७५ साली याच काउंटीत गॅडबेरींनी स्नीडांना भर कोर्टात हरवलं! हे वाक्य चांगलं वठलं.
रॉयस मागं ट्रकला टेकून ऐकत होता. ओरडून म्हणाला, "दाजी, मग मका मिळाला का त्याला?"
म्हटलं, माहीत नाही. पुरावा नाही.
"आमच्या लोकांना ओळखतो मी. दिला नसणार," म्हणाला आणि ट्रकचं मागचं फळकट खाली पाडलं. ट्रक कणसांनी गच्च भरलेला. पहाटेच तोडलेली. पोरांची झुंबड उडाली. तासाभरात भल्यामोठ्या पातेल्यात उकडून झाली. पहिलं ताट तो स्वतः माझ्याकडे घेऊन आला. "घ्या. उशीर झाला थोडा. कोट मात्र माझ्या मापाचाच आहे घरात, तुम्हाला ढगळ होईल."
सगळे हसले. स्नीडांचा मका खायचा नाही, असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं.
तीन कणसं खाल्ली. मीठ कमी होतं.